पहिलं वर्ष स्टेअरिंगवर: नव्या ट्रकचालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परवाना नुकताच हाती आलेल्या किंवा अनुभवी चालकाच्या शेजारी बसून शिकणाऱ्या प्रत्येकासाठी हे पान आहे. आमच्याकडे येणारे प्रश्न दोन प्रकारचे असतात, काही गाडीचे आणि काही मनाचे. इथे ते मुद्दाम वेगळे केलेले नाहीत, कारण रस्त्यावर ते वेगळे राहत नाहीत. ब्रेकवर भरवसा नसेल तर घाटात छाती धडधडते आणि मन चिडलेलं असेल तर ब्रेक तपासायचाच राहून जातो. खालचे आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तो धरा आणि कायद्याच्या बाबतीत तुमच्या भागातला नियम पाळा.

परवाना मिळाला. आता मी तयार आहे ना?

परीक्षेत जेवढं विचारलं तेवढ्यापुरते तयार आहात. भरलेली गाडी, ओला रस्ता, रात्रीची वेळ आणि अनोळखी गोदाम हे सगळं एकाच वेळी समोर आलं तर काय करायचं, ते परीक्षेत येत नाही. म्हणून चढत्या क्रमाने जा: आधी रिकामी गाडी दिवसा, मग भरलेली दिवसा, मग रिकामी रात्री आणि शेवटी भरलेली रात्री व घाटात. एका वेळी एकच गोष्ट नवी असू द्या. गाडी, मार्ग आणि माल तिन्ही नवे एकाच दिवशी वाट्याला येत असतील तर मालकाशी बोलून त्यातलं एक तरी ओळखीचं करून घ्या. असं मागणं कमीपणाचं नाही. चांगला मालक अशा चालकाला लक्षात ठेवतो.

निघण्याआधी गाडी तपासायची म्हणजे नेमकं काय करायचं?

सुरुवातीला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, हात बसला की दहा-बारा. क्रम ठरवा आणि तो मोडू नका: चालकाच्या दारापासून निघायचं, पुढून वळसा घालायचा, पलीकडच्या बाजूने मागे जायचं आणि परत दारापाशी यायचं. मध्येच कोणी हाक मारली किंवा फोन आला तर जिथे थांबलात त्याच्या एक पाऊल मागून पुन्हा सुरू करा. तपासायच्या राहिलेल्या गोष्टी बहुतेक वेळा अशा अर्धवट थांबलेल्या फेरीतच राहिलेल्या असतात.

जवळ जाण्याआधी दहा पावलांवरून गाडी बघा. एका बाजूला कललेली दिसली तर स्प्रिंगचा पाटा तुटलाय, हवा कमी आहे किंवा माल सरकलाय. खाली जमिनीवर ओल आहे का तेही बघा. मग इंजिन. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं झालेली, अशा वेळीच ऑइलची दांडी खरं सांगते. कूलंटची पातळी टाकीवरच्या खुणेवरून बघा. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, आतलं पाणी दाबाखाली असतं आणि थेट तोंडावर येतं. स्टेअरिंगचं चाक साधारण ५० सेंटिमीटर व्यासाचं असेल तर पुढची चाकं हलण्याआधी ते कडेला ५ सेंटिमीटरपेक्षा जास्त मोकळं फिरता कामा नये.

सगळ्यात जास्त वेळ चाकांना द्या. चाकापाशी खाली बसा. नटाच्या मुळापासून बाहेर ओघळलेली गंजाची बारीक तांबूस रेघ दिसली तर तो नट ढिला आहे असं समजा. नट आणि रिम एकमेकांवर घासून लोखंडाचा भुगा निघतो, त्याला पाणी लागलं की ती रेघ उमटते. नटाभोवती रंग उडून चकाकणारं कडं दिसलं तरी अर्थ तोच. हबभोवती, म्हणजे चाकाच्या मध्यभागी, तेलकट धूळ चिकटलेली असेल तर आतलं तेल अडवणारं सील गळतंय. मागच्या जोडचाकांमध्ये बॅटरी मारून बघा, मध्ये अडकलेला दगड टायरची बाजू कापत राहतो. चाक बदललं असेल तर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळायचे, कारण नव्याने बसलेलं चाक थोडं सैल होतंच.

मग दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, आरसे, मालाची बांधणी आणि कागदपत्रं.

टायरची हवा पायाने किंवा हातोडीने ठोकून कळते ना?

पूर्ण रिकामा टायर कळतो, कमी हवेचा नाही. गेज लावा, तेही टायर थंड असताना. चाललेल्या टायरची हवा गरम होऊन वाढलेली दिसते. ती बघून हवा काढली तर टायर थंड झाल्यावर खरी हवा कमीच भरते. कमी हवेचा टायर चालताना जास्त दबतो, दबून तापतो, आणि तापल्यावर आतले थर सुटतात किंवा तो पेट घेतो. ठरलेल्या हवेच्या ८० टक्क्यांपेक्षा खाली गेलेला टायर चालला असेल तर नुसती हवा भरून पुढे जाऊ नका, तो उतरवून आतून तपासून घ्या. जोडचाकातला आतला टायर तपासायला वाकावं लागतं, म्हणून तो सर्वांत दुर्लक्षित असतो. वाकायचा कंटाळा येत असेल तर हवा भरायची नळी बाहेरपर्यंत आणणारी जोडणी बसवून घ्या.

एअर ब्रेक कसे तपासायचे? गाडीत बसून काय बघू?

आधी यंत्रणा समजून घ्या, म्हणजे आकडे पाठ करावे लागणार नाहीत. इंजिनवरचा कॉम्प्रेसर टाक्यांमध्ये हवा भरतो. पेडल दाबलं की ती हवा चेंबरमध्ये जाऊन ब्रेक लावते. पार्किंग ब्रेकचं मात्र उलटं आहे. तिथे एक जबरदस्त स्प्रिंग ब्रेक लावून ठेवते आणि हवा तिला दाबून धरते तेव्हाच गाडी सुटते. म्हणून हवा संपली की गाडी आपोआप जखडते. ही स्प्रिंग असलेला चेंबर स्वतः कधीही उघडू नका. ती सुटली तर माणसाचा जीव घेण्याइतका जोर तिच्यात असतो.

आता तपासणी. चाकांखाली ठोकळे लावा, इंजिन चालू करून हवा पूर्ण भरू द्या. बऱ्याच गाड्यांत ८ ते १० बारच्या (बार हे हवेच्या दाबाचं माप) दरम्यान 'फुस्स' असा आवाज येऊन कॉम्प्रेसर भरणं थांबवतो. इंजिन बंद करा, पार्किंग ब्रेक सोडा, चावी चालू ठेवा आणि पेडल घट्ट दाबून एक मिनिट काट्याकडे बघत बसा. एकट्या गाडीत ०.२ बार, म्हणजे सुमारे ३ पीएसआय, आणि ट्रेलर जोडलेला असेल तर ०.३ बार, म्हणजे सुमारे ४ पीएसआय, यापेक्षा जास्त उतार झाला तर कुठेतरी गळती आहे. खाली उतरून कान लावा. मग पेडल सारखं दाबत-सोडत हवा कमी करत जा. दाब साधारण ४ ते ५.५ बारच्या आसपास आला की धोक्याचा दिवा आणि बझर लागलाच पाहिजे. तो लागला नाही तर गाडी हलवायची नाही. हवा आणखी उतरली की पार्किंग ब्रेकचं बटण किंवा दांडा आपोआप ब्रेकच्या जागी जाताना दिसेल.

टाकीखालचा ड्रेन कॉक, म्हणजे साचलेलं पाणी काढायची तोटी, रोज उघडा. थोडं पाणी आलं तर चालतं. तेलकट, काळपट चिखल आला तर कॉम्प्रेसर तेल फेकतोय, दुरुस्तीला सांगा. पाणी साचू दिलं तर हवेची जागा कमी होते, आणि थंडीत तेच पाणी गोठून झडप अडकते.

नव्या चालकाच्या मनातली अर्धी भीती या दहा मिनिटांत जाते, हे आम्ही अगदी मनापासून सांगतो. 'ब्रेक लागतील ना' हा प्रश्न घाटात पडण्यापेक्षा उभ्या गाडीत सुटलेला बरा.

आरसे कसे लावू? कुठे काय दिसत नाही?

आधी सीट, मग आरसे. सीट बदलली की आरसे पुन्हा लावायचे. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहावा आणि पाठ टेकलेली असताना मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर पोहोचावं. मोठ्या आरशात गाडीची कड आतल्या बाजूला बारीक पट्टीएवढी दिसली की पुरे, उरलेला आरसा रस्त्यासाठी ठेवा.

तरीही चार जागा झाकलेल्या राहतात: काचेच्या लगेच खालची पुढची जागा, चालकाच्या पलीकडच्या दाराखालची जागा, चालकाच्या खांद्यामागची जागा आणि थेट मागची. यातली पुढची जागा लोकांना खरी वाटत नाही. उंच केबिनसमोरून वाकून किंवा मूल घेऊन जाणारं माणूस अजिबात दिसत नाही. म्हणून सिग्नलला किंवा गर्दीत उभी राहिलेली गाडी हलवताना आधी पुढे झुकून बघा आणि पहिला मीटरभर चालण्याच्या वेगाने जा.

वळताना मागचं चाक कट्ट्यावर चढतं. मी काय चुकतो?

वळण लवकर घेता. मागची चाकं पुढच्यांच्या वाटेने येत नाहीत, ती आतल्या बाजूने कापत येतात. पुढच्या आणि मागच्या चाकांत ६ मीटर अंतर असेल आणि पुढचं चाक १२ मीटर त्रिज्येने वळत असेल तर मागचं चाक दीड मीटरहून जास्त आत येतं. ट्रेलरला त्याहूनही जास्त. उपाय असा की कोपऱ्यात थोडं पुढे जाऊन मग वळायचं आणि आतल्या बाजूच्या आरशात मागचं चाक वळण पूर्ण होईपर्यंत बघत राहायचं. मात्र वळण्याआधीच बाहेरच्या बाजूला लांब जाऊन आत जागा मोकळी सोडू नका. त्या जागेत दुचाकी शिरते आणि चालकाला ती दिसत नाही. मागच्या चाकांपलीकडे लोंबणारा गाडीचा भाग वळणाच्या उलट दिशेला झाडू मारतो, तेव्हा दुसऱ्या आरशाकडेही एक नजर हवी.

रिव्हर्स जमत नाही. लोक बघत उभे असतात आणि मला घाम फुटतो.

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि विचारणाऱ्याच्या आवाजात दर वेळी लाज असते. लाज बाळगू नका. मोठी गाडी मागे घेणं हे या कामातलं सर्वांत अवघड कसब आहे आणि ते फक्त सरावाने येतं.

पहिला नियम: उतरा आणि बघा. जागेची लांबी, वरची तार, झाडाची फांदी, छपराची कड, जमिनीतला खड्डा, मागचा खांब, हे सगळं पायी चालून डोळ्यांत साठवा. मागे घेताना शंका आली की पुन्हा उतरा. तीन वेळा उतरलात तरी चालेल. बघणारे पाच मिनिटांत निघून जातात, पण ठोकलेला खांब वर्षभर पाठ सोडत नाही.

दुसरं, शक्य तिथे चालकाच्या बाजूने मागे घ्या, कारण खिडकीतून डोकं बाहेर काढून गाडीची पूर्ण बाजू दिसते. काच खाली करा, गाणी बंद करा. सर्वांत कमी गिअर, क्लचवर जेमतेम सरकणारी गाडी. वेग जितका कमी तितकी चूक लवकर कळते.

ट्रेलर असेल तर हात स्टेअरिंगच्या खालच्या टोकाला धरा. ज्या बाजूला हात न्याल त्या बाजूला ट्रेलरचं मागचं टोक जातं. सरळ मागे घेताना एखाद्या आरशात ट्रेलर वाढत चाललेला दिसला तर स्टेअरिंगची वरची कड त्याच आरशाकडे थोडी फिरवा आणि लगेच परत आणा. 'थोडी' हा शब्द महत्त्वाचा. नवा माणूस जास्त फिरवतो, ट्रेलर दुसरीकडे पळतो, मग तो सावरायला आणखी जास्त फिरवतो आणि हॉर्स (ट्रेलर ओढणारी पुढची गाडी) व ट्रेलर कात्रीसारखे मिटतात. कोन बिघडला की मागेच झटापट करू नका. पुढे घ्या, सरळ करा, पुन्हा या. अनुभवी चालकही हेच करतात.

मागे माणूस उभा करत असाल तर आधी खुणा ठरवा, विशेषतः 'थांब'ची. तो आरशातून दिसेनासा झाला की त्याच क्षणी गाडी थांबवायची, तो काय ओरडतोय ते ऐकत बसायचं नाही.

सरावासाठी मोकळ्या मैदानात दोन रांगांत रिकामे डबे ठेवा, रांगांमध्ये ४ मीटर अंतर. गाडी साधारण २.५ मीटर रुंद असते, म्हणजे दोन्ही बाजूंना पाऊण मीटर मिळतं. ३० मीटर सरळ मागे, सलग पाच वेळा डबा न पाडता जमलं की अंतर साडेतीन मीटरवर आणा. रोज अर्धा तास, दोन आठवडे. एका दिवसात चार तास केलेल्या सरावापेक्षा हा कितीतरी जास्त टिकतो.

पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवू?

मीटर मोजता येत नाहीत, सेकंद मोजता येतात. गाडीच्या लांबीच्या प्रत्येक ३ मीटरला एक सेकंद आणि ताशी ६५ किलोमीटरच्या वर आणखी एक. १२ मीटरची गाडी वेगात असेल तर पाच सेकंद. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी आली की मनात मोजायला सुरुवात करा, तुम्ही त्याच खांबापाशी पोहोचेपर्यंत. पाऊस किंवा धुकं असेल तर दुप्पट.

एवढं का, ते बघा. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. धोका दिसून पाय ब्रेकवर जायला दीड सेकंद धरा, ३३ मीटर गेले. एअर ब्रेकची हवा चाकापर्यंत पोहोचून पकड यायला सुमारे अर्धा सेकंद, आणखी ११. मग कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकनेही थांबायला ५० मीटरच्या आसपास. एकूण ९० मीटरहून जास्त. ताशी ४० किलोमीटरला हेच अंतर ३५ मीटर होतं. आणि रिकामी गाडी नेहमी लवकर थांबते असं समजू नका. वजन नसलं की चाकं उडतात, लॉक होतात आणि घसरतात, विशेषतः ओल्या रस्त्यावर.

तुम्ही सोडलेल्या जागेत कोणी ना कोणी घुसणारच. प्रत्येक वेळी एक्सलरेटर किंचित सोडा आणि पुन्हा जागा तयार करा. दिवसभरात असे पन्नास जण घुसले तरी मुक्कामाला काही मिनिटंच उशीर होतो. त्यांच्याशी भांडत गेलात तर मात्र सगळा दिवस खराब होतो.

घाट उतरताना ब्रेक तापून जातील अशी भीती वाटते.

ही भीती योग्य आहे, तिला कामाला लावा. २५ टनांची गाडी ५०० मीटर उंचीवरून खाली येते तेव्हा जवळपास १२ कोटी ज्यूल ऊर्जा कुठेतरी मुरावी लागते, म्हणजे साडेतीन लिटर डिझेल पूर्ण जाळल्यावर निघेल इतकी उष्णता. ती सगळी ब्रेकच्या ड्रमवर (चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डब्यावर) टाकली तर ड्रम तापून फुगतो, त्याला घासून गाडी थांबवणाऱ्या लायनिंगपासून लांब जातो, लायनिंगची पकडही सुटते आणि पेडल दाबलं तरी गाडी धावत राहते.

म्हणून वेग इंजिनने धरायचा, ब्रेक मदतीला. उतार सुरू होण्याआधी गिअर उतरवा. चढताना जो गिअर लागला असता तो, किंवा त्याच्याखालचा. उतारावर वेग धरल्यानंतर गिअर बदलायला गेलात तर तो न्यूट्रलमध्येच अडकण्याचा धोका असतो. एक्झॉस्ट ब्रेक किंवा रिटार्डर (चाकांचे ब्रेक न वापरता वेग रोखणारी यंत्रणा) असेल तर चालू करा, पण रस्ता निसरडा असेल आणि गाडी रिकामी असेल तर तो बंद ठेवा, कारण मागची चाकं घसरतात.

ब्रेकचा वापर असा: उताराला योग्य वेग ताशी ४० ठरवला. वेग ४० झाला की ब्रेक ठामपणे दाबा, तीनेक सेकंदांत तो ३२ वर आणा आणि पाय पूर्ण उचला. पुन्हा ४० होईपर्यंत ब्रेकला थंड होऊ द्या. हलका पाय सतत टेकवून ठेवणं ही सर्वांत महागडी सवय, त्यात ब्रेकला श्वास मिळतच नाही. जळका वास आला किंवा पेडल नेहमीपेक्षा खोल जाऊ लागलं तर जागा मिळताच थांबा. तापलेल्या ड्रमवर पार्किंग ब्रेक आवळू नका, सपाट जागा बघून चाकांना ठोकळे लावा. आणि पाणी ओतू नका, तापलेला ड्रम तडकतो.

काही जण म्हणतात, न्यूट्रल टाकून उतरलं की डिझेल वाचतं.

वाचत नाही. गाडी गिअरमध्ये असताना एक्सलरेटर पूर्ण सोडला की आजची डिझेल इंजिनं इंधन फवारणं थांबवतात, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतंच, आणि वर इंजिनचा आधार जातो. जुन्या चालकांकडून शिकण्यासारखं भरपूर आहे: माल कसा ओळखावा, मार्ग कसा निवडावा, माणसाशी कसं बोलावं. ही एक गोष्ट मात्र घेऊ नका.

थोडा वेग वाढवून वेळ भरून काढता येतो का?

ताशी ८० ऐवजी ९० ने १०० किलोमीटर गेलात तर आठ मिनिटं वाचतात. हवेचा विरोध मात्र सव्वापट होतो आणि ब्रेक लागल्यापासून थांबायचं अंतरही त्याच हिशेबाने वाढतं. वळणावर गाडी बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो: वेग दहा टक्के जास्त तर जोर एकवीस टक्के जास्त. उंच माल भरलेली गाडी टायर घसरण्याआधीच उलटते, इशारा मिळत नाही. वळणात शिरण्याआधीच वेग उतरवा. हीच आठ मिनिटं गोदामात कागद आधीच तयार ठेवून आरामात वाचवता येतात.

माल मी भरलेला नाही. तरी बांधणी मीच बघायची?

हो, कारण सरकलेला माल तुमच्या पाठीत येतो. जोरात ब्रेक लागला तर माल स्वतःच्या वजनाच्या ०.८ पट जोराने पुढे ढकलला जातो, वळणावर निम्म्या जोराने बाजूला, असं धरून बांधणी करतात. १० टन मालाला पुढे ८ टनांचा अटकाव हवा. हा अटकाव पुढच्या भिंतीला टेकलेला माल, खालचं घर्षण आणि पट्टे मिळून देतात. मालावरून घेतलेला पट्टा जितका उभा तितका तो मालाला खाली दाबतो. जमिनीशी ३० अंशांचा कोन झाला की दाब निम्म्यावर येतो. धारदार कडेवर पट्ट्याखाली जाड पुठ्ठा किंवा कोपरा लावा. जड माल खाली आणि पुढच्या-मागच्या एक्सलवर वाटून हवा. सगळं वजन मागे गेलं तर स्टेअरिंग हलकं लागतं आणि ओल्या रस्त्यावर गाडी वळतच नाही. निघाल्यावर ५० ते ८० किलोमीटरच्या आत थांबून पट्टे पुन्हा आवळा, माल बसतो आणि पट्टे सैल पडतात. टँकर अर्धवट भरलेला असेल तर जास्त सावध राहा, थांबल्यानंतरही आतली लाट गाडीला पुढे ढकलते.

झोप आवरत नाही. चहा-कॉफीने भागतं का?

भागत नाही, थोडी उसनी मिळते. सलग १७ तास जागं राहिल्यावर माणसाची कामाची क्षमता रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्याइतकी घसरते, हे १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. शरीराचं स्वतःचं घड्याळही आहे. पहाटे दोन ते सहा आणि दुपारी दोन ते चार या वेळांत ते झोपेकडे ओढतं, आदल्या रात्री चांगली झोप झाली असली तरी. ताशी ८० ला तीन सेकंदांची डुलकी म्हणजे डोळे मिटून ६५ मीटर.

खुणा ओळखा: शेवटचे काही किलोमीटर आठवत नाहीत, गाडी पट्टीवर जाते, डोळ्यांची जळजळ, एकामागून एक जांभया. यातल्या दोन दिसल्या की सुरक्षित जागा बघून थांबा. चहा किंवा कॉफी प्या आणि लगेच १५ ते २० मिनिटं झोपा. कॅफीन चढायला वीस-तीस मिनिटं लागतात, तेवढ्यात झोपही होते. उठल्यावर दहा मिनिटं चाला, मगच चावी फिरवा. खिडकी उघडणं, गाणी मोठ्याने लावणं, तोंडावर पाणी मारणं याने काही मिनिटंच जातात. जागं राहायच्या गोळ्यांच्या वाटेला जाऊ नका.

मालक म्हणतो 'लवकर पोहोच'. थांबतो म्हटलं तर चिडतो.

कारण, नवी वेळ आणि तुमचं ठिकाण एका वाक्यात द्या: "गाडी ६० किलोमीटरवर आहे, झोप येतेय, वीस मिनिटं थांबतोय, साडेपाचला पोहोचतो." नुसतं 'उशीर होईल' म्हटलं की समोरच्याच्या हातात काही राहत नाही म्हणून तो चिडतो. वेळ मिळाली की तो पुढची सोय करू शकतो. शक्य असेल तर हे संदेशात लिहून पाठवा. जास्त वजन, खराब ब्रेक आणि अपुरी झोप या तीन गोष्टींवर तडजोड नाही. एकदा शांतपणे नाही म्हटल्यावर दुसऱ्यांदा म्हणणं सोपं जातं. पुन्हा पुन्हा याच गोष्टींवर दबाव आणणारी नोकरी सोडावी असं आमचं स्पष्ट मत आहे.

लोडिंगला सहा-सहा तास थांबवतात. डोकं फिरतं.

राग येणं साहजिक आहे, वेळ तुमचाच जातो. पोहोचल्याची वेळ नोंदवून सही घ्या, पुढे भाड्याच्या किंवा उशिराच्या हिशेबात ती लागते. मग अंदाज विचारा आणि पहिली गोष्ट म्हणून झोपा, कारण पुढचा प्रवास बहुधा रात्रीचा होणार आहे. झोप झालेली असेल तर काचा, आरसे आणि दिवे पुसा, पट्टे तपासा, घरी फोन करा. भरणी झाल्यावर रागातच चावी फिरवू नका. गाडीभोवती पूर्ण फेरी मारा. ती फेरी तशीही मारायचीच असते आणि तेवढ्यात श्वास जागेवर येतो.

गाडी घासली. आता मला कोणी काम देईल का?

आधी थांबा. धोक्याचे दिवे लावा, चकाकणारं जाकीट घाला आणि वेगाच्या रस्त्यावर ५० ते १०० मीटर मागे त्रिकोण ठेवा. गाडी वळणाच्या किंवा चढाच्या आड असेल तर त्याच्याही आधी. माणसाला लागलं असेल तर सगळ्यात आधी मदत बोलवा. मग फोटो काढा आणि मालकाला स्वतः कळवा, दुसऱ्याकडून कळण्याआधी.

त्या रात्री वहीत तीन ओळी लिहा: काय झालं, त्याआधीच्या तीस सेकंदांत मी काय करत होतो, पुढच्या वेळी काय वेगळं करीन. 'मी वाईट चालक आहे' हे त्यात लिहायचं नाही, त्यातून काही शिकायला मिळत नाही. 'आरसा न बघता वळलो' यातून मिळतं. पहिल्या वर्षात लहानसहान खरचटणं बऱ्याच जणांच्या वाट्याला येतं. लपवलेली चूक मात्र विश्वास घालवते आणि तो परत मिळवायला फार वेळ लागतो.

घरापासून लांब एकटं वाटतं. मन उदास होतं.

घरच्यांशी बोलायची एक वेळ ठरवा आणि गाडी उभी करूनच बोला. दोन मिनिटंच मिळाली तरी रोज ठरल्या वेळी आलेला फोन आठवड्याने आलेल्या तासाभराच्या फोनपेक्षा जास्त आधार देतो. पहाटे तीनला, दमलेले असताना, नोकरी किंवा नात्याबद्दल निर्णय घेऊ नका. त्या वेळी सगळंच काळं दिसतं. एक-दोन चालकांशी मैत्री ठेवा, ज्यांना तुमचं काम समजावून सांगावं लागत नाही. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, झोप-भूक गेली किंवा जगण्यात अर्थ वाटेनासा झाला तर डॉक्टरांना भेटा, जसं गुडघा सुजल्यावर भेटाल तसंच.

पाठ आणि गुडघे दुखतात.

केबिनमधून उडी मारू नका. गाडीकडे तोंड करून, दोन हात आणि दोन पाय यांतले तीन कायम टेकलेले ठेवून उतरा. दर दोन तासांनी खाली उतरून पाच मिनिटं चाला. तासन्तास बसून उतरल्यावर लगेच जड वजन उचलू नका, मणक्यांमधल्या गाद्या तेव्हा आखडलेल्या असतात. पाणी कमी पिऊन लघवी टाळणं ही फार वाईट सवय आहे, त्याचा त्रास मूत्रपिंडाला होतो.

चालताना टायर फुटला तर?

ब्रेकवर पाय नको. स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा, सरळ ठेवा, एक्सलरेटर हळूहळू सोडा आणि वेग आपोआप उतरल्यावरच हलका ब्रेक लावून कडेला घ्या. पुढचं चाक असेल तर गाडी त्याच बाजूला ओढेल, जोर लावून सरळ धरावी लागेल.

उद्या पहिली एकट्याची फेरी आहे. आज रात्री काय करू?

मार्ग नकाशावर एकदा पूर्ण बघा: कमी उंचीचे पूल, वजनाची बंदी, घाट आणि थांबायच्या दोन जागा, एक ठरलेली आणि एक आधीची. गाडीची उंची आणि वजन कागदावर मोठ्या अक्षरात लिहून काचेजवळ लावा. परवाना, गाडीचे आणि मालाचे कागद एका पिशवीत ठेवा. बॅटरी, हवेचं गेज, हातमोजे, जाकीट, त्रिकोण, ठोकळे आणि पाण्याची बाटली एका जागी काढून ठेवा. निघायच्या वेळेच्या पाऊण तास आधीचा गजर लावा, म्हणजे गाडीभोवतीची फेरी घाई न करता होईल. फोन चार्जिंगला लावा आणि आठ तास झोपा.